पाडव्याची नोकरी

आमच्या वडनेर भोलजीत कोकिळा वेरूळकारला कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे नर्सबाई म्हणतात. ती आहेच तशी. रस्त्यात पोटुशी बाई दिसली की कशी आहेस वगैरे विचारायच्या आधी ही तिची खालची पापणी ओढून बघते, आणि रक्त कमी वाटलं की तिथंच तिची बिनपाण्यानं करते. सरकारी लोहाच्या गोळ्या बायका घेतात आणि घरी जाऊन गुरांच्या गव्हाणीत टाकतात, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून ती गोळी हातात देतच नाही. पाण्याचा गिलास मागवते, समोर गिळायला लावते आणि वर तोंड उघडून जीभ उचलायला सांगते. मोठ्या घरची सून असो की मजूर बाई, यात फरक नाही. मागून बायका तिला शिव्या देतात आणि बाळंतपण जवळ आलं की आधी तिलाच निरोप धाडतात.

मी तिचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्या घरातलं भांडण ऐकायला मला वेगळं जावं लागत नाही. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर, जुन्या पेन्शनचा. महिन्याच्या सुरुवातीला बँकेत एक चक्कर मारायची आणि उरलेला महिना गावाला उपदेश करायचा, एवढाच माझा उद्योग. गाव ऐकून घेतं, कारण पेन्शनवाल्या माणसाच्या घरी चहा कधीही मिळतो.

कोकिळाचं लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. नवऱ्याला बायको नोकरीवाली हवी होती आणि ती संध्याकाळी सहाच्या आत घरीही हवी होती. उपकेंद्रावरच्या नर्सला हे कसं जमायचं? वर्षभरात ती बॅग घेऊन माहेरी आली ती आलीच. मूलबाळ नाही. आई तिच्या लहानपणीच गेली. घरात बाप उकंडराव, धाकटा भाऊ गोकुळ आणि भावजय. उकंडरावाची थोडी जमीन विहिरीखाली, बाकी कोरडवाहू. माणूस कष्टाळू, बोलायला फटकळ, आणि पंचांगावर त्याचा भारी विश्वास. पेरणी, सोयरीक, बैल विकणं, घराला चुना मारणं, कशालाही दिवस पाहिल्याशिवाय त्यानं हात घातला नाही.

आता सांगायची गोष्ट ती हीच.

दोन हजार पाच साली कोकिळाची नेमणूक झाली. ऑर्डर घ्यायला ती बुलढाण्याला गेली. तिच्याबरोबर मलकापूरची गुलनाज होती. दोघींनी नर्सिंगचं शिक्षण एकत्र घेतलेलं, एका खोलीत राहून एकाच डब्यात जेवलेल्या. गुलनाजला रोहिणखेडकडचा दवाखाना मिळाला, कोकिळाला मोताळ्याकडचा. ऑक्टोबर संपत आला होता. रमजान चालू होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. गुलनाजचे वडील कादरभाई मलकापूरच्या बाजारात कापसाचे मापारी. त्यांनी पोरीला सांगितलं, ईदची वाट बघू नको, सरकारच्या मनाचं काही खरं नसतं. ती दुसऱ्या दिवशी रोजा धरून एसटीत बसली आणि हजर झाली.

इकडे उकंडरावानं पंचांग काढलं. वद्य पक्ष चाललेला, पुढं अमावस्या. अमावस्येच्या आत कोणी जन्माची नोकरी धरतं का? आणि चार दिवसांवर पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. हजर व्हायला महिनाभराची मुदत ऑर्डरमध्येच होती, तेव्हा थांबण्यात कोणालाच काही गैर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. पाडव्याच्या सकाळी कोकिळाला ओवाळलं, हातावर दही ठेवलं, आणि उकंडराव स्वतः तिला सोडायला गेला. दवाखाना सणालाही उघडा असतो, डॉक्टर होते, ती हजर झाली.

ऐन दिवाळीच्या धामधुमीत सरकारचा निर्णय निघालेला होता. एक नोव्हेंबरपासून जो नोकरीला लागेल त्याला जुनी पेन्शन नाही. जुनी म्हणजे आमची: शेवटच्या पगाराच्या निम्मी, मरेपर्यंत, वर महागाई वाढेल तशी वाढ, आणि मागे राहिलेल्या नवऱ्याला-बायकोलाही काही. नवी म्हणजे पगारातून दर महिन्याला कापून घ्यायचं, सरकारनं त्यात आपली भर घालायची, ते पैसे बाजारात लावायचे, आणि म्हातारपणी काय हातात पडेल ते पडेल. नक्की किती, हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लक्ष्मीपूजन एक तारखेला होतं. पाडवा त्यानंतर.

हे कोकिळाला कळायला बराच काळ लागला. पगारातून ही कसली कपात म्हणून तिनं तालुक्याला चौकशी केली तेव्हा बाबूनं समजावून सांगितलं. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. घरात गेली नव्हती, थेट आमच्या ओट्यावर बसली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, बाबाले हे कळता कामा नये. मी म्हटलं, अगं, कधी ना कधी कळेलच. त्यावर ती म्हणाली, "त्याईनं माह्या भल्यासाठीच केलं ना, गुरुजी. सांगून का पेन्शन वापस येते?"

मग तिनं तोंडाला कुलूप घातलं. माझ्याही घातलं. गावात आम्ही नोकरीवाले आणि निवृत्त मिळून जेवढे होतो तेवढ्यांना ते माहीत होतं, आणि उकंडरावाच्या कानावर जाऊ न देता सगळ्यांनी ते पोटात ठेवलं. आमच्या गावात गोष्ट एवढी टिकली याचं मला आजही नवल वाटतं.

उकंडराव मात्र दर पाडव्याला गल्लीत जिलबी वाटायचा. पोरीचं लग्न मोडलं, पण नोकरीला नख लागलं नाही. बदल्या झाल्या, साथी आल्या, कोरोना आला, पोरगी धडधाकट. पाडव्याची नोकरी हाय, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. कोकिळा शेजारी उभी राहून जिलबीचा कागद पुढं करायची. मला तिथं उभं राहवत नसे. मी जिलबी घेऊन घरात सटकायचो.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. शाळा, दवाखाने, तहसील, सगळं बंद. आणि त्याच आठवड्यात आमच्या शिवारात गारा पडल्या. कापणीला आलेला गहू आडवा झाला, मका मोडला. लोक पंचनाम्यासाठी धावले तर तलाठी संपावर, ग्रामसेवक संपावर, कृषी सहायकही संपावर. पारावर एकच विषय. यांना काम करताना पगार, घरी बसल्यावरही पगार, आणि आपल्या वावराला कोणी वाली नाही. गोकुळ तर उघड म्हणायला लागला, मला निम्मा पगार द्या, मी टोचतो लसी. मी समोर दिसलो की बोलणं थांबायचं आणि सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू गारा मीच पाडल्या. मला रागही येई आणि तोंडही उघडवत नसे. आडवा झालेला गहू मी बघून आलो होतो.

कोकिळाचा लसीकरणाचा दिवस हुकला. बाया पोरं घेऊन घरी आल्या. तिनं सगळ्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवलं. हे तिच्या जिवावर आलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. त्या दिवशी तिनं एकाही बाईची पापणी ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाण्याला मोर्चा होता. कोकिळा तयार होऊन अंगणात उभी होती. तिच्याबरोबर उपकेंद्रावर काम करणारी छकुली आपली स्कूटी घेऊन आली होती. ही सिंदखेडराजाकडची पोरगी, अलीकडची, दोन हजार पंधरा-सोळातली भरती. उकंडराव नुकताच शेतातून आला होता, पाय चिखलानं भरलेले. मी अंगणातल्या बुटक्या भिंतीच्या अलीकडे दात घासत होतो.

"कुठं चाल्ली?" त्यानं विचारलं.

"बुलढाण्याले. मोर्चा हाय."

"आमाले कोन देते पेन्शन? माहा गहू झोपला वावरात. तलाठी मोर्च्यात, अन् माही पोरगी बी त्याईच्यातच. लोकं तोंडावर थुंकून राह्यले माह्या. ठेव ते पिशवी अन् जाय दवाखान्यात."

कोकिळा म्हणाली, संप मिटला की जाईन. त्यावर तो आणखी भडकला. नोकरीनं डोकं फिरलं, पोट भरलं तरी हाव सरत नाही, असं काहीबाही बोलला. ते सगळं मी इथं लिहीत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटत होतं, आता तरी बोल बाई.

तेवढ्यात मलकापूरहून बायांची जीप आली. पुढच्या सीटवरून गुलनाज उतरली. तिनं शेवटचं बरंच ऐकलं असावं. सलाम नाही, रामराम नाही, ती थेट उकंडरावासमोर उभी राहिली.

"काका, तिले काऊन बोलता? मले तर जुनी पेन्शन हाय. मी घरी बसली तरी चालते. मी हिच्यासाठी चाल्ली. मी रोजा धरून दुसऱ्याच दिशी कामावर हजर झाली, म्हून मले भेटली. हिले तुमी पाडव्यापर्यंत थांबवलं, म्हून हिची गेली."

"गुलनाज, गाडीत बस," कोकिळा म्हणाली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गुलनाज गाडीत बसली. तिचंही तोंड उतरलं होतं. कोकिळा आणि छकुलीही बसल्या आणि जीप गेली. उकंडरावानं भिंतीवरून माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, खरं हाय काय हे?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्यानं मग तारखा विचारल्या. मी सांगितल्या. पुन्हा विचारल्या, पुन्हा सांगितल्या. त्यानं पाय न धुता बाजेवर अंग टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी कोकिळा आली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, मले काऊन नाई सांगतलं? ती म्हणाली, जेवले का तुमी? त्या घरात त्या दिवशी याहून जास्त बोलणं झालं नाही. भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं असतं.

आठवड्याभरात संप मिटला. समिती नेमली, बघू म्हणाले, सगळे कामावर गेले. तलाठी आला, पंचनामा झाला. ज्या उकंडरावानं त्याला चार शिव्या घालायचं ठरवलं होतं तो वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, मुकाट उभा राहिला आणि विचारलं तेवढं सांगून घरी आला. पारावर जाणं त्यानं बंद केलं. संपाचा विषय निघाला की उठून जायचा. पोरीला पाणी मागतानाही त्याचा आवाज बदलला होता, परक्याच्या घरी पाहुणा मागतो तसा. कोकिळाला याचा फार त्रास झाला. पेन्शन गेल्याचं तिनं कधीच गिळून टाकलं होतं. बाप असा मऊ झालेला तिला सहन होईना. ती मला म्हणाली, आधीसारखं खेकसले तर बरं वाटेल. मग तिनंच त्याला खेकसायला सुरुवात केली, औषधावरून, विडीवरून, पण तो उलट बोलेना.

आणि मग त्यानं नवंच काढलं. विहिरीजवळचं एक एकर कोकिळाच्या नावे करायचं. तिच्या म्हातारपणाला. म्हणजे ओलिताचा तुकडा, घरातला चांगला तुकडा. गोकुळनं थाळी सरकवली आणि उठला. त्याचंही काय चुकलं? त्याला दोन पोरं, सगळी भिस्त त्या विहिरीवर. बहिणीला पगार, आणि वर वावरही? त्यानं बापाशी बोलणं टाकलं आणि चूल वेगळी केली. कोकिळा भावाकडे गेली, म्हणाली, मले वावर नको, मी घेणार नाही. गोकुळला ते पटलं नाही. बापानं एकदा मनात घेतलं की तो करतोच, हे त्यालाही माहीत होतं. उकंडराव दोनदा नांदुऱ्याला रजिस्ट्री ऑफिसात जाऊनही आला. कोकिळानं सही करायला साफ नकार दिला म्हणून ते अडलं.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत जिलबी आली नाही. उकंडराव पहाटेच शेतात गेला आणि दिवे लागून गेल्यावर परतला. दोन घरांत दोन चुली, आणि दोन्हीकडे सणाचं काहीच नाही. एका अर्ध्या मुहूर्तापायी हे घर असं झालं याचा मला राग येत होता, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं. उकंडरावावर काढता येत नव्हता.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सरकारनं एक दार किलकिलं केलं. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या नोव्हेंबरच्या आधी निघाली होती, पण जे नंतर हजर झाले, त्यांना जुनी पेन्शन मागता येईल. गुलनाजचा फोन आला. त्या अंगणातल्या सकाळपासून ती कोकिळाकडे आली नव्हती. फोनवर आधी रडली आणि मग बातमी सांगितली. कोकिळानं मागणी केली. मंजुरीला उन्हाळा उलटला, पण मिळाली.

हे उकंडरावाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर आहे म्हटल्यावर कोण सोडतो? मी त्याला म्हटलं, आता जाहिरातीची तारीख धरतात, हजर झाल्याची नाही. जाहिरात आधीच निघाली होती. ती पाडव्याला गेली काय आणि अमावस्येला गेली काय, आता फरक पडत नाही. त्यानं ते मला तीनदा सांगायला लावलं. मग घरात गेला, आणि थोड्या वेळानं कोकिळावर ओरडल्याचा आवाज आला, चहात साखर कमी म्हणून. ती पदर तोंडाला लावून मागच्या दारी आली आणि हसता हसता रडली. वावराचा विषय मिटला. आठ दिवसांत गोकुळची पोरं आजोबाच्या ताटात जेवायला लागली, आणि चूलही कधी एक झाली ते कळलं नाही.

झालं, असं मला वाटलं. कोकिळाला मात्र तसं वाटलं नाही.

पोळ्याच्या सुमारास नव्या पेन्शनवाल्यांनी नांदुऱ्याला तहसीलसमोर धरणं धरायचं ठरवलं. सकाळी बघतो तर कोकिळा पिशवी घेऊन अंगणात उभी, छकुली स्कूटीवर बसलेली. उकंडराव बैलाच्या शिंगांना रंग देत होता. मी भिंतीजवळ गेलो.

"आता कायले जातं?" त्यानं विचारलं. "तुले तर भेटली ना."

"मले भेटली. छकुलीले नाई."

"काऊन? तुमी दोघी एकाच दवाखान्यात."

"तिची जाहिरातच पंधरा सालची, बाबा."

उकंडरावानं ब्रश डब्यात ठेवला. तो छकुलीकडे बघायला लागला. ती अवघडली, तिला वाटलं आता आपल्यालाही बोलणी बसणार.

"मंग हिच्या बापानं कोनता मुहूर्त पाह्यला व्हता?"

कोकिळा म्हणाली, कोणताच नाही. ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी तो तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता. पावसात. दवाखाना बंद व्हायच्या आत दोघं दारात उभे होते.

"त्याच दिशी?"

"त्याच दिशी."

उकंडराव उठला. रंगाचे हात धोतराला पुसत स्कूटीजवळ गेला. छकुली उतरायला लागली तर त्यानं तिला खांद्याला धरून बसवलं.

"बाई," तो म्हणाला, "तुह्या बापाले सांगजो, त्याचं काई चुकलं नाई."

छकुलीला यातलं काहीच कळलं नाही. तिच्या बापाला कोणी कधी दोष दिला नव्हता. तिनं कोकिळाकडे बघितलं तर कोकिळा दुसरीकडे बघत होती. मग ती "हाव आबा, सांगतो" म्हणाली आणि कोकिळा मागे बसताच तिनं स्कूटी चालू केली.